मनोऱ्यावरचं गाऱ्हाणं

चौऱ्याऐंशी सालच्या माघात बोरिवलीच्या पार्कात आमचा मनोरा पुरा झाला. रानातली जनावरं बघायला चाळीस फूट उंच, आणि त्यासाठी एकही झाड तोडलं नव्हतं. नकाशा माझा. बांबू विक्रोळीच्या दशरथ सुतारांनी उभे केले आणि लहू कोळ्यानं खिळ्यांऐवजी होडीच्या गाठी मारून ते बांधले. मी एवढी खूश होते की चपला खालीच विसरून वर धावले.

"बाई, गाऱ्हाणा घातल्याबिगर काम पुरा होवचा नाय," म्हणत दशरथांनी वर नारळ ठेवला. त्यांनी देवाकडे मागायचं आणि आम्ही दोघांनी होकार द्यायचा, ही त्यांच्या कोकणातली रीत.

"बा देवा म्हाराजा, आमचो मनोरो घट उभो रवांदे!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही ओरडलो.

समोरच्या डोंगरावरून तेच परत आलं, पण अख्खा गाव ओरडल्यासारखं.

लहू टाळ्या पिटत हसला. "झकास! बाई, सगळं रान आलंय पूजेला!"

"जनावरांका आमचो तरास होवं नको!"

"व्हय म्हाराजा!"

या वेळी डोंगर आमच्याहून मोठ्यानं ओरडला. हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"वर चढलेली माणसां सुखरूप खाली येवंदेत!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही जीव खाऊन ओरडलो.

डोंगरावरून काहीच आलं नाही.

लहूनं पुन्हा ओरडून पाहिलं. दशरथांनी तेच मागणं पुन्हा मागितलं. डोंगर गप्प.

मग आम्ही तिघंही शिडीकडे बघत राहिलो. आधी पाय कोणीच टाकेना.