रिकाम्या खोलीचं माप

नांदे गावातल्या त्या साध्या बैठ्या घराची किंमत ठरवायला स्नेहल बँकेकडून आली होती. शेजारी टोलेजंग इमारती, भाव चढलेले. म्हणजे काम सोप्पंच की! तिनं बाहेरच्या खोलीत लेझर मीटर भिंतीवर रोखला. नकाशात चौदा फूट होते, मीटरवर आले अकरा. पुन्हा मोजलं, आठ. मग पाच! खोलीत तर साधी खुर्चीसुद्धा नव्हती. "आजी, माप कमी भरतंय. असं लिहिलं तर भाव पडेल," स्नेहल चाचरली. गोजराबाईंना घर विकून लेकीकडं जायचं होतं. त्यांचा नवरा मात्र मरेपर्यंत नकोच म्हणत राहिला. त्या दारातूनच रिकाम्या खोलीवर खेकसल्या, "अवो, जल्मभर आडवं आलात, आता तरी सरका की! तुमालाबी संगं नेते." आकडा चौदावर गेला. गार झुळूक स्नेहलला घासून दाराकडं निघाली आणि गोजराबाईंनी पदर सावरून वाट दिली.