माणसांचा आवाज

दिवेलागणीला बिबट्या जानकाबाईच्या ओट्यावर चढला आणि तिथं बांधलेली शेळी उचलून उसात पसार झाला. घरात लेक, सून, दोन नातवंडं, सगळी होती. पण जो तो कानात हेडफोन घालून आपापल्या मोबाईलमध्ये. जानकाबाई आत देवापुढं वात लावत होती.

सकाळी वनरक्षक आला. ठसे बघून म्हणाला, "लई वेळ दबा धरून बसलाय हितं. घर बंद व्हतं का?"

"न्हाई वो, समदी घरातच व्हतो."

"मग जरा बोलत जा की, आज्जी! माणसांचा आवाज असला की तो जवळ येत नाय. गप घर त्याला ओसाड वाटतं."

शेळीचं दुःख होतंच, पण जानकाबाईला मनातून बरं वाटलं. आता तरी घरातली तोंडं उघडतील.

लेकानं, सुदर्शननं, खरंच मनावर घेतलं. संध्याकाळी आळेफाट्यावरून स्पीकर आणून ओट्यावर ठेवला आणि इंटरनेटवर शोधून त्यावर माणसांच्या गप्पा लावल्या. कुणी खळखळून हसत होतं, कुणी भांडत होतं. एक बाई मायेनं विचारत होती, "जेवलीस का गं?"

"आता येतोय कशाला तो!" म्हणत सुदर्शननं दार लोटलं आणि हेडफोन कानात घातले. घर पुन्हा गप झालं.



जानकाबाईनं हळूच दार उघडलं, ओट्यावर स्पीकरला खेटून बसली आणि म्हणाली, "न्हाई गं बाई, अजून."