हार्ड डिस्कची पूजा

सहलींचे सगळे फोटो सुरक्षित राहावेत म्हणून विनोदकुमारने हार्ड डिस्क आणली आणि चामराजपेटच्या घरात एका देवाची भर पडली. दर आयुधपूजेला ती कपाटातून निघायची आणि दुकानाच्या तराजूशेजारी पाटावर बसायची. हळदकुंकू आणि शेवंतीचं फूल झालं की पुन्हा रेशमी पिशवीत.

"कुणी वायर जोडायची नाही, बिघडेल," असा त्याचा हुकूम होता.

यंदा मुलीचं, मेघाश्रीचं, लग्न ठरलं. हॉलच्या पडद्यावर तिचे लहानपणचे फोटो दाखवायचे म्हणून डिस्क लॅपटॉपला जोडली. आत काहीच नव्हतं.

"अप्पा, फोटो कुठं गेले?"

विनोदकुमारने कपाळाला हात लावला. "नवी वस्तू पूजेआधी वापरू नये, म्हणून आधी पूजा केली. मग फोटो भरायचे राहूनच गेले."

मेघाश्री रडकुंडीला आली. तेवढ्यात तिची आजी, तुंगाबाई, स्वयंपाकघरातून म्हणाली, "जोगचे, हंपीचे फोटो ना? स्वल्प थांब गं."

तिने कांद्याच्या टोपलीमागून विनोदकुमारचा जुना, काच तडकलेला फोन काढला. त्यावर ती रोज भजनं ऐकायची. सगळ्या सहली त्यातच होत्या.

 

गेल्या आयुधपूजेला तिने हाच फोन पाटावर ठेवला होता, तर "हे भंगार इथं कशाला?" म्हणत विनोदकुमारनेच तो उचलून बाजूला केला होता.