अकरा ठिपके

फिल्म खिडकीच्या काचेवर चिकटवली आणि घरातली सगळी तिच्याभोवती जमली. जार्किनचा मेंदू उन्हात लख्ख दिसत होता. त्यात अकरा पांढरे ठिपके होते, आणि प्रत्येकाभोवती डॉक्टरीणबाईंनी लाल पेनाने गोल काढला होता.

सहा वर्षं ही बाई डोकं धरून बसत होती. महिन्यातून दोनदा अर्धी बाजू ठणकायची, उजेड सोसायचा नाही, पोटात अन्न ठरायचं नाही. तरी उठून सामोवार, म्हणजे चहाच्या पाण्याचा बंब, पेटवायचा आणि सगळ्यांना चहा ओतायचा. तोही रीतीप्रमाणे अर्धा-अर्धा प्याला, म्हणजे पुन्हा पुन्हा ओतत बसायचं. सासू उल्कान आपा म्हणायच्या, "दुखायला आधी डोकं असावं लागतं." नवरा एरमेक यावर हसायचा. घरकामात त्याची मदत तेवढीच.

म्हणून जवळच्या तोकमोक शहरातल्या इस्पितळात अर्धशिशीच्या बायकांचे मेंदू तपासताहेत असं कळताच जार्किन वडापने तिथे जाऊन पोचली. यंत्रात अर्धा तास निपचित पडून राहायचं होतं. लग्न झाल्यापासून दिवसाढवळ्या इतका वेळ तिला कोणी आडवं होऊ दिलं नव्हतं. यंत्र कानाशी धडधडत होतं, तरी तिला गाढ झोप लागली.

डॉक्टरीणबाईंनी सगळं नीट समजावलं होतं. मेंदूच्या पांढऱ्या भागातले हे ठिपके अर्धशिशीच्या बायकांमध्ये जरा जास्त दिसतात. का दिसतात, ते अजून कळलेलं नाही, म्हणून तर हा अभ्यास. त्यांच्यामुळेच डोकं दुखतं असं नाही, आणि घाबरायचंही कारण नाही. जार्किनने घरी येऊन यातलं पहिलं वाक्य तेवढं सांगितलं. बाकीचं तिने गिळलं आणि मी म्हणतो, बरंच केलं.

निकाल दिला थोरल्या आपांनी. थोरल्या आपा म्हणजे उल्कान आपांच्या सासूबाई. वय नव्वद, बसायची जागा दारासमोरची, सगळ्यात मानाची, आणि त्यांचा शब्द मोडायची घरात कोणाची छाती नव्हती. ज्या दिवशी दुखेल त्या दिवशी जार्किन पडदे ओढून झोपेल, चहा उल्कान ओतेल, असं त्यांनी जाहीर केलं. उल्कान आपा त्रेसष्ट वर्षांच्या. सून आणल्यावर त्या सामोवारापासून सुटल्या होत्या, आता पुन्हा अडकल्या. त्यांनी सामोवार पुढ्यात ओढला. कामाला लागल्या.

पुढच्याच आठवड्यात शेजारची बुरुल आली आणि फिल्म दोन दिवसांसाठी मागून घेऊन गेली. तिच्या सासूलाही काहीतरी दाखवायला हवं होतं. बुरुलकडून फिल्म तिच्या जावेकडे गेली, तिथून शाळेच्या बाईंकडे, तिथून पुलापलीकडे. महिन्याभरात अर्ध्या गावातल्या सुना भरदुपारी पडदे ओढून झोपू लागल्या. चहाची पुडी कुठल्या डब्यात असते, हे गावातल्या पुरुषांना पहिल्यांदाच कळलं.

दुकानापुढच्या बाकावर म्हाताऱ्यांमध्ये चर्चा झाली. आमच्या सुनेला अकरा, एक म्हणाला. आमच्याही अकराच, दुसरा म्हणाला. प्रत्येक घरात मोजून अकरा निघाले तेव्हा दोष पाण्याचा आहे हे ठरलं. जिल्ह्याला अर्ज गेला. तिकडून एक साहेब आला, झऱ्याच्या पाण्याच्या सहा बाटल्या भरून घेऊन गेला आणि पाणी उत्तम असल्याचं कळवलं. मग दोष हवेवर गेला.

जार्किनच्या मात्र जिवाला घोर लागला. फिल्मच्या कोपऱ्यात तिचं नाव होतं. एखाद्या सासूने ते वाचलं की सगळ्या सुना उघड्या पडणार होत्या. त्याहून वाईट म्हणजे तिचं खरं दुखणंही खोटं ठरणार होतं, आणि पुन्हा कधी कोणी तिला झोपू देणार नव्हतं.

गुरुवारी दुपारी ती कणीक मळत होती. उल्कान आपा बाहेरून आल्या, दार लावलं, आतून कडी घातली आणि शालीखालून फिल्म काढून मेजावर ठेवली.

"चार घरं पालथी घातली तेव्हा मिळाली," त्या म्हणाल्या. "कोपऱ्यात नाव तुझंच आहे."

जार्किनने कणकेतून हात काढले. "त्या सुनांना बोल लावू नका, आपा. मीच दिली."

उल्कान आपा खाली बसल्या. त्यांनी रुमाल सोडला, डोळे मिटले आणि उजव्या कानशिलावर अंगठा दाबून धरला. जार्किन बघतच राहिली. अंगठा नेमका कुठे दाबायचा, हे दुखल्याशिवाय कोणाला कळत नाही.

"तुम्हालाही?" तिने विचारलं. "कधीपासून?"

"एरमेक पोटात होता तेव्हापासून. सांगून काय करायचं होतं? चहा कोणी ओतला असता?"

जार्किनला रडू आलं आणि सहा वर्षांचा रागही आला, दोन्ही एकदमच. डॉक्टरीणबाई तुमचीही फिल्म काढतील, असं ती कशीबशी म्हणाली.

"जाऊन आले मी तोकमोकला. पन्नाशीच्या पुढच्या बायका त्यांना चालत नाहीत. म्हणे वयानेही ठिपके येतात." उल्कान आपांनी फिल्म पुन्हा शालीखाली घेतली. "आज ही माझी म्हणून थोरल्या आपांना दाखवते."

"अहो आपा, पण त्यावर नाव माझं आहे. त्या वाचतील ना."

"कशाने वाचतील? त्यांचा चष्मा सकाळपासून माझ्या खिशात आहे."