अंगणातलं तांबं

"साठा तुमच्या अंगणाखाली नाहीच, रिस्तीनाबाई," खाणकंपनीचा तुओमो म्हणाला आणि त्याने टेबलावर नकाशा पसरला.

रिस्तीना कॉफीची किटली हातात धरून उभीच राहिली. "नाही कसा? मातीत तांबं निघालं, तूच सांगितलंस ना?"

"माती इथली, पण तांबं वरचं. हजारो वर्षांपूर्वी बर्फाचा डोंगर इथून सरकत गेला. वाटेतला खडक ओरबाडत, भरडत, त्याचा चुरा इथवर आणला त्याने. धूर दिसला की वाऱ्याच्या उलट चालत चूल शोधतो ना आपण, तसंच." त्याचं बोट नकाशावरून वायव्येला सरकलं आणि मियेस्सेवारीवर थांबलं.

मियेस्सेवारी, म्हणजे पाडसांची टेकडी. रिस्तीनाच्या कळपातल्या रेनडियर माद्या दर वसंतात तिथेच व्यायच्या. दुसरीकडे हाकलल्या तरी फिरून तिथेच यायच्या. म्हणून तर उन्हाळ्यात या मंडळींची फावडी दिसताच तिने सौदा केला होता: टेकडीला हात लावू नका, हवं तर माझं अंगण खणा. बटाट्याचे वाफेसुद्धा खणू दिले बिचारीने. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय!

"शब्द दिला होतास तू."

"पाळला की! टेकडीवर आमच्या माणसाने पाऊलही टाकलेलं नाही." त्याला यात खरोखरच काही वावगं वाटत नव्हतं, आणि तिचा संताप त्यानेच वाढला. "आता जमीन सरकारी आहे म्हटल्यावर परवाना मिळेलच. वसंतात भोकं पाडायला घेऊ."

"वसंतात? पोटुश्या माद्या वर चढतात तेव्हा?"

"जमीन गोठलेली असते तोवरच यंत्रं जातात हो." मग तिचा चेहरा बघून तो घाईघाईने म्हणाला, "एक आनंदाची बातमी आहे. साठ्याला तुमचं नाव द्यायचं ठरलंय. रिस्तीना. तुमच्या मानाखातर."

त्या घरातून कॉफीशिवाय आजवर कुणी गेलं नव्हतं. रिस्तीनाने किटली परत चुलीवर ठेवली आणि त्याच्यापुढचा रिकामा कप उचलून घेतला.

"द्या, द्या माझंच नाव," ती म्हणाली. "उद्या नातवंडं विचारतील, पाडसांची टेकडी कुणी गिळली? तेव्हा तुला कोण ओळखणार, बाबा? आजीचंच नाव घेतील."