हनुक्क्याचं तेल

कायमचं इस्रायलला जाणाऱ्या बोटीत बसण्याआधी एक सण आईसोबत करावा, म्हणून एझरा पणत्या घेऊन मुंबईहून रेवदंड्याला आला. घाण्यावर तेल काढण्यात जन्म गेलेल्या रिबकाबाईनं हनुक्का या ज्यू सणाचं नावही ऐकलं नव्हतं.

"शत्रूनं येरुशलेमचं मंदिर बाटवलं होतं," एझरा म्हणाला. "आपल्या लोकांनी ते सोडवलं आणि पुन्हा दिवा लावला. तेल एका दिवसाचं होतं, ते आठ दिवस पुरलं. त्याचा हा सण."

एवढंसं तेल आठ दिवस कसं पुरलं, हे रिबकाबाईला कळेना. पण तिला सलत होतं ते निराळंच.

"मंदिर परत सुरू झालं, आन आपल्यात कोणालाच म्हायत न्हाय?"

"आपले वाडवडील त्याआधीच निघाले होते, आई. त्यांचं गलबत इथं नवगावला फुटलं. एकदा देश सुटल्यावर मागचं कोण सांगणार?"

रिबकाबाईनं पणतीत तेल घातलं, काडी ओढली, पण वातीला लावली नाही. काडी बोटांपर्यंत जळत आली.

"मग तुला इथलं कोण सांगंल रे?"