दोन बटणं

नानांनी शर्टाचं शेवटचं बटण स्वतः लावलं आणि समोर बसलेल्या बाईंकडे ऐटीत पाहिलं. "बघा, हात कापतोय का?" मग काठी भिंतीला टेकवून त्यांनी बाल्कनीपर्यंत दोन फेऱ्याही मारून दाखवल्या.

महिनाभर हेरंबने बापाकडून हेच घोटून घेतलं होतं. "नाना, स्वतःचं स्वतः करायला लागा, म्हणजे तुमच्यासाठी घरात बाई ठेवायला नको." पोरगा आपल्यासाठी किती झटतोय, या विचाराने नानांना भरून यायचं. गुडघे ठणकले तरी त्यांनी एक दिवस चुकवला नाही.

बाईंनी हातातल्या फॉर्मवर खुणा केल्या आणि शेजारी उभ्या असलेल्या हेरंबला म्हणाल्या, "छान! आमच्या वृद्धाश्रमात हिंडतीफिरती माणसंच घेतो आम्ही. अंथरुणाला खिळलेल्यांना घरीच ठेवा म्हणून सांगतो. सोमवारी आणा यांना."

नाना मटकन खुर्चीत बसले. घाईघाईने त्यांनी वरची दोन बटणं सोडली आणि मुद्दाम चुकीच्या काजात घातली. "हे बघा, नाही हो जमत मला! काल अंथरूणसुद्धा ओलं केलं."

बाई हसल्या. महिनाभरात पहिल्यांदाच हेरंब खाली वाकला आणि बापाची बटणं त्याने आपल्या हाताने नीट लावून दिली.